गच्चीवरून हजार फूट

आलमबाग, लखनऊ
१२ जानेवारी २०२५

चि. मुक्ता,

पत्र मिळालं. इथे धुकं इतकं आहे की समोरचे रिज़वी साहब त्यांच्या गच्चीवरून "आदाब" म्हणतात आणि मी आवाजाच्या दिशेने हात हलवतो. थंडीने बोटं वळत नाहीत, म्हणून मामीचं जाड स्केचपेन घेतलंय. अक्षर मोठं आणि तिरकं आलंय, त्यावर टीका नको.

तू अलीगंजला होतीस, तिसरीत, आणि मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायचीस. तेव्हा मी नियम घातला की भाचीने मामाला दर महिन्याला मराठीत पत्र टाकायचं. अलीगंजहून आलमबागला पोस्टाने पत्र पाठवणारी अख्ख्या लखनऊत तू एकटीच असशील. आता तुझे आईबाबा बदली होऊन गुवाहाटीला, तू बरखेडीच्या विमानशाळेत, तरी नियम चालू आहे. बत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेल्या माणसाला नियम चालू राहिला की बरं वाटतं.

मार्चच्या शेवटी तू एकटी विमान घेऊन इथल्या अमौसी विमानतळावर उतरणार, असं तू लिहिलंस. मामीने ते वाक्य मला तीनदा ऐकवलं. त्याच सुमारास पाडवा आहे. आपली गुढी दरवर्षी गच्चीवर असते हे तुला माहीत आहेच. पहिल्या वर्षी उलटा तांब्या बघून गल्लीतल्या लोकांना वाटलं होतं की आमच्याकडे कुणाची नजर उतरवत आहेत. यंदा मी ती पाण्याच्या टाकीवर उभी करणार, दोन बांबू जोडून, म्हणजे तुला वरून घर सापडेल. तू फक्त एक कर. आपल्या घरावरून जाताना जरा खाली ये. गल्लीतले सगळे गच्चीवर असतील. मलाही तुला उडताना बघायचं आहे.

तुझा
पंढरीमामा


बरखेडी
२० जानेवारी २०२५

ती. मामांना नमस्कार,

अक्षर रेल्वे स्टेशनच्या पाटीएवढं आहे, पण तुम्ही म्हणालात म्हणून टीका करत नाही. दुसरी एक तक्रार मात्र आहे. माझ्या मागच्या दोन पत्रांतल्या चुका लाल पेनने खुणा करून परत आल्या नाहीत. माझं मराठी एवढं सुधारलं असेल यावर माझा यक़ीन नाही. (बघा, ही एक चूक मुद्दाम ठेवली.)

आता खाली येण्याचं. मामा, तुम्हाला नियम आवडतात म्हणून नियमच लिहून पाठवते. आम्ही अजून डोळ्यांनी बाहेर बघत उडणाऱ्यांत मोडतो, ढगांतून यंत्रांवर उडणाऱ्यांत नाही. तर आमच्यासाठी असं आहे: शहराच्या दाट वस्तीवरून जाताना, विमानाच्या सहाशे मीटर परिघात जे काही सगळ्यात उंच असेल, त्याच्या डोक्यावरून निदान हजार फूट वर राहायचं. घर असो, टॉवर असो, झाड असो. म्हणजे तुम्ही टाकीवर दोन बांबू जोडलेत तर मला तेवढंच वर जावं लागेल. खाली बोलावायचं आणि वर ढकलायचं, दोन्ही एकदम चाललंय तुमचं.

आमचे सर या बाबतीत फार कडक आहेत. घरावरून खाली उडणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी घरीच जातो, असं ते म्हणतात. हजार फुटांवरून मी तुम्हाला पतंगाएवढी दिसेन. तेवढं चालवून घ्या.

हं, नियमाचं शेपूट राहिलं. उडताना आणि उतरताना जेवढं खाली असावं लागतं तेवढं सोडून हे सगळीकडे लागू आहे. मामीला सांगा, तिळाचे लाडू संपले.

तुमची
मुक्ता


आलमबाग
४ फेब्रुवारी २०२५

चि. मुक्ता,

तुझ्या नियमाची रीतसर तपासणी केली. रिज़वी साहबांच्या स्कूटरवर मागे बसून सहाशे मीटरचा परीघ फिरून आलो. मेट्रोचा पूल आहे, पाण्याच्या टाक्या तर प्रत्येक घरावर आहेत. पण सगळ्यात उंच निघाला तो बारातघराच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, छपरावरचा मोबाइलचा टॉवर. रिज़वी साहब सांगतात की तो आपल्या गुढीच्या चौपट तरी असेल. "आपकी गुड़ी तो उसके सामने बच्ची है," म्हणाले. म्हणजे तुझा हजाराचा हिशोब त्या टॉवरपासून सुरू होतो आणि माझी गुढी निर्दोष सुटते.

राहता राहिले ते हजार फूट. हे बघ मुक्ता, मी सहसा कुणाकडे काही मागत नाही. एकदाच, एका घरावरून, पाचशे फुटांवरून गेलीस तर कोण मोजायला बसलंय? गल्लीला मी सांगून बसलोय की भाची घरावरून जाणार. रिज़वी साहबांनी ईदच्या शेवया त्याच आठवड्यात घरी पाठवायचं कबूल केलंय. सगळं जुळून आलंय, तेवढी तू जरा खाली ये.

लाडू पाठवले आहेत.

मामा


बरखेडी
१३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,

लाडू मिळाले, संपलेसुद्धा.

तुमचं पत्र वाचून मी थोडी नाराज आहे, स्पष्टच लिहिते. लहानपणी तुम्ही मला चारबागच्या फलाटावर उभं करून सांगितलं होतं की लाल दिवा असला तर गाडी थांबते, आत लग्नाची वरात असो नाही तर मंत्री असो. आता तेच मामा विचारतात, कोण मोजायला बसलंय? मला वाटतं गल्लीला दाखवायची हौस तुम्हाला जरा जास्तच झालीय. माझं कौतुक आहे हे कळतं, पण त्यासाठी मी परवाना पणाला लावू का? बाबांनी केवढ्या हौसेने मला इथे घातलंय.

आणखी एक गोष्ट खटकली. "रिज़वी साहब सांगतात" म्हणे. मामा, तुम्ही दुसऱ्याने केलेलं मोजमाप कधीपासून मानायला लागलात? दर्जी तुमच्या सदऱ्याचं माप घ्यायचा, तेव्हा टेप त्याच्या हातून घेऊन पुन्हा मोजायचात तुम्ही.

रागावू नका. पण खाली येणार नाही.

मुक्ता


आलमबाग
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मुक्ता,

हे मामीचं पत्र आहे. मला पत्र लिहायची सवय नाही, त्यामुळे आधीचं नंतर आणि नंतरचं आधी येईल, सांभाळून घे. हे रिज़वी साहबांकडे चहाला गेलेत तेवढ्यात लिहितेय.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. हौसेची ओळ गाळली, दर्ज्याची गाळली नाही. ते खूप हसले.

तुझी पत्रं दिवाळीपासून मीच वाचून दाखवते. लाल पेन त्यामुळेच बंद आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला पडदा मधोमध झिजलाय. समोर बघितलं की मध्ये राखाडी डाग, कडेचं सगळं साफ. मला म्हणतात, तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंड जातं आणि कानातल्या कुड्या दिसतात. डोळ्यात सुया घेऊन झाल्या, त्याने आहे तेवढं टिकेल, गेलेलं यायचं नाही. टॉवर यांना दिसलाच नाही गं. रिज़वी साहबांनी बोट दाखवलं आणि यांनी मान हलवली.

डॉक्टरांनी युक्ती सांगितलीय की जे बघायचंय त्याच्या किंचित बाजूला बघा, म्हणजे ते कडेने दिसेल. हे ऐकत नाहीत. म्हणतात, आयुष्यभर सिग्नलकडे सरळ बघितलं, आता चोरासारखं बाजूला काय बघू.

तू विमानशाळेत गेलीस तेव्हापासून यांच्या मनात एकच आहे, पोरीला उडताना एकदा बघायचं. हजार फुटांवरचं विमान यांच्या डागात कुठच्या कुठे हरवेल. गल्लीबिल्ली सगळी सबब आहे. तुला कळलं तर तू शिकणं टाकून इथे येऊन बसशील या भीतीने मला शपथ घातली होती. ती मोडली. तू मात्र शिकणं टाकू नकोस, नाहीतर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तुझी
शुभदामामी


बरखेडी
२८ फेब्रुवारी २०२५

मामा,

मामीने सांगितलं. तिला बोलू नका.

तुमच्या मागण्याला मी हौस म्हणाले, ती ओळ मामीने गाळली आहे, पण मी लिहिली होती आणि त्याची मला लाज वाटते. कळल्यापासून रडून झालंय, त्यामुळे ही शाई कुठे फुटली असेल तर समजून घ्या.

मी खाली येते. पाचशे कशाला, तीनशे फुटांवरून येते, टॉवरच्या बाजूने, गुढीवरून. सर काय म्हणायचं ते म्हणोत. परवाना गेला तर गेला. तुम्ही मला वाचायला शिकवलंत, सायकल शिकवलीत, फलाटावर उभं राहून गाड्यांची नावं शिकवलीत. तुम्हाला एकदा दिसायला नको मी? टाकीजवळ उभे राहा, रंगीत शर्ट घाला. मी येते.

तुमचीच
मुक्ता


आलमबाग
८ मार्च २०२५

चि. मुक्ता,

असलं पत्र तू मला पुन्हा लिहायचं नाही.

मामीने वाचलं, मी पुन्हा वाचायला लावलं, आणि दुसऱ्या वेळी मीच म्हटलं, पुरे. माया कळली. पण तू तीनशे फुटांवरून येणार असशील तर मी त्या दिवशी गच्चीचं दार बंद करून खाली बसेन, हे लिहून देतो.

ते हजार फूट कशाला ठेवलेत याचा मी या दिवसांत विचार केला. आमच्याकडे सिग्नल स्टेशनाच्या बराच अलीकडे असायचा, कारण गाडी थांबायला जागा लागते. तुझंही तेच. वर असताना इंजिन गप्प झालं तर हजार फूट म्हणजे तुला मोकळं मैदान शोधायला मिळालेला वेळ. तीनशे फुटांवर तुझ्याकडे तो वेळ नाही, आणि खाली बारातघर आहे, बस अड्डा आहे, शाळेतून सुटलेली पोरं आहेत. माझ्या दोन डोळ्यांसाठी एवढ्या लोकांच्या डोक्यावरचा वेळ कमी करायचा? मी ते मागितलं हे माझं चुकलं. दिसेनासं व्हायला लागलं की माणूस हावरा होतो, दुसरं काय.

मामीच्या पोटात काही राहत नाही हे मला लग्नापासून माहीत आहे. तिला बोललो नाही.

आता कामाचं. नियम अडवतो असं वाटलं की तो पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, ही खात्यातली माझी सवय. म्हणून तुझं जानेवारीतलं पत्र मामीला पुन्हा वाचायला लावलं. शेवटी तिने एक वाक्य वाचलं जे मी आधी ऐकलंच नव्हतं. उडताना आणि उतरताना लागेल तेवढं सोडून. चौकशी केली तेव्हा कबुली मिळाली की त्या दिवशी नेमकं तिथे दूध उतू गेलं होतं आणि ती परत आली ती थेट तिळाच्या लाडवांवर.

अगं, म्हणजे तू उतरताना खाली येणारच आहेस, आणि ते नियमात आहे. मग मी घरी कशाला उभा राहू? मीच अमौसीला येतो. रिज़वी साहब म्हणतात की विमानतळाच्या भिंतीबाहेर, विमानं उतरतात त्या बाजूच्या रस्त्यावर चहाची टपरी आहे आणि विमानं डोक्यावरून जातात. तू फक्त नेहमीसारखी उतर. गुढी स्कूटरवर आडवी बांधून आणतो.

तुझा
मामा


बरखेडी
१५ मार्च २०२५

ती. मामांना,

तुमच्यापुढे हात टेकले. सरांना सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, तुझ्या मामांना इथे शिकवायला बोलाव.

गुढी आणायची नाही. विमानं उतरतात त्या वाटेत काठीसुद्धा उभी करायची नाही. पतंग तर मुळीच नको, हे पतंगवेड्या रिज़वी साहबांना माझ्याकडून हात जोडून सांगा.

मी सोमवारी, ३१ तारखेला निघेन, हवा चांगली असली तर. दुपारच्या आधी पोचेन. एक अडचण आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. वारा पश्चिमेचा असला तर मी पूर्वेकडून येईन, पूर्वेचा असला तर पश्चिमेकडून. कुठल्या टोकाला उभं राहायचं हे आज सांगता येत नाही. टपऱ्या दोन्हीकडे आहेत का बघून ठेवा.

आणि मामा, डॉक्टरांचं ऐका. माझ्याकडे सरळ बघू नका.

मुक्ता


आलमबाग
२ एप्रिल २०२५

चि. मुक्ता,

रविवारी पाडवा झाला. गुढी टाकीवर उभी केली आणि संध्याकाळी मामीने उतरवली. सोमवारपर्यंत राहू दे म्हणून मी हट्ट धरला, पण सूर्य मावळल्यावर गुढी ठेवत नाहीत यावर ती ठाम. एवढी मोजमापं केलेली गुढी तुझ्या येण्याआधीच माळ्यावर गेली. साखरेची गाठी इथे मिळत नाही म्हणून मामी दरवर्षी आलमबागच्या बाजारातले बताशे दोऱ्यात ओवते. ती माळ मी खिशात घेतली.

सोमवारी ईद होती. रिज़वी साहबांच्या घरी पाहुण्यांची रीघ, तरी नमाज आटोपून नवा कुर्ता आणि पांढरी टोपी घालून स्कूटर काढली. मी म्हटलं, राहू द्या. म्हणाले, "ईद हर साल आएगी, पंढरी भाई. बिटिया पहली बार आ रही है."

सकाळी वारा पुरवैया, म्हणजे पूर्वेचा होता, म्हणून पश्चिमेच्या टोकाला गेलो. चहा झाला. रिज़वी साहब उभ्या जन्माचे पतंगबाज, त्यांना कुठे बसवत नाही. रस्त्यावरची धूळ चिमटीत घेऊन सोडली आणि म्हणाले, "पछुआ चल पड़ी. बैठिए, जल्दी." वारा फिरला होता, तू आता दुसऱ्या टोकाने येणार होतीस. मोठा वळसा, त्यात ईदची गर्दी, आणि मी मागे बसून त्यांच्या नव्या कुर्त्याला गच्च धरून. आयुष्यभर मी वेळापत्रकावर जगलो, वाऱ्याच्या मागे प्रथमच पळालो.

पोचलो तेव्हा मोठी विमानं त्या बाजूने उतरायला लागली होती. ती गेली की टपरीवरचे ग्लास थरथरायचे. मग एक वेगळाच आवाज आला, शिवणयंत्रासारखा. रिज़वी साहब म्हणाले, "आ गई." टपरीवरच्या सगळ्यांनी माना वर केल्या.

मीही सरळच बघितलं गं. सवय. आवाज वाढत गेला आणि समोर नुसता राखाडी डाग. तुझा आवाज त्या डागात होता. मग तुझं पत्र आठवलं आणि मी तोंड फिरवलं. रिज़वी साहबांच्या टोपीकडे बघत राहिलो, आणि टोपीच्या कडेला तू आलीस. पांढरा पंख, खाली चाकं, तीन, मी मोजली. काचेमागे कुणीतरी ताठ बसलेलं. मग सावली आमच्या अंगावरून गेली आणि तू भिंतीपलीकडे गेलीस. मी बताशांची माळ हातात धरून उभा होतो आणि मला रडू येत होतं. रिज़वी साहबांनी माझा चष्मा काढून आपल्या कुर्त्याला पुसला.

आतमध्ये भेटता येणार नाही हे ठाऊक होतं. दोन चहा पिऊन परतलो. पण एक गोष्ट तेव्हापासून डाचते आहे. वरून तुझी नजर गेली असली तर तुला काय दिसलं असेल? सगळं जग तुझ्याकडे बघतंय आणि तुझा मामा तोंड फिरवून उभा आहे. ते तसं नव्हतं, मुक्ता.

तुझा
पंढरीमामा


बरखेडी
९ एप्रिल २०२५

ती. मामांना,

या पत्रातल्या चुकांना मामीकडून लाल खुणा करून घ्या. तुम्ही ऐका आणि ती खुणा करील. नियम बंद पडायला नको.

बताशांची माळ पोस्टाने आली. निम्मे बताशे पिठासारखे झाले होते, ते मी बोटाने चाटून खाल्ले.

मामा, उतरताना आम्हाला नजर धावपट्टीवरून हलवायची परवानगी नसते. सर सारखे बजावतात. तुम्ही त्या बाजूला असणार हे माहीत नव्हतं. वारा फिरला तेव्हा मनात म्हटलं, गेलं, मामा दुसऱ्या टोकाला राहिले. शेवटच्या वळणावर खूप वाईट वाटलं, पण नजर हलवली नाही. धावपट्टीकडेच बघत होते.

आणि भिंतीच्या अलीकडे, खाली, डोळ्याच्या कडेला टपरी आली. आठदहा माणसं, सगळ्यांची तोंडं वर. त्यात एकच माणूस दुसरीकडे बघत होता, एका पांढऱ्या टोपीकडे. मी तुम्हाला ओळखलं ते त्यावरूनच. मला कळलं की तुम्हाला दिसतेय मी.

मीसुद्धा तुमच्याकडे बघितलं नाही, मामा. तुम्हीही कडेनेच दिसलात, आणि पूर्ण दिसलात.

तुमची
मुक्ता